हारूनभाईंचा स्लॅब

महाडात हारूनभाईंचं नाव काढलं की लोक दोनच गोष्टी सांगतात: माणूस दिलाचा मोठा आणि तोंडाचा फटकळ. उमेदीची वर्षं मस्कतला परक्यांचे बंगले बांधण्यात घालवली. परत येऊन टेम्पो घेतला, आणि आता त्याच टेम्पोतून पोलादपूरच्या वाड्यांवर घरांसाठी माती-चुना वाहतात. भाडं घेत नाहीत. पण कुणी 'फुकट' म्हटलं की भडकतात. "खैरात वाटतोय काय मी? ज्याचं घर तो राबतो, मी त्याच्यासंगं राबतो."

तिथल्याच एका वाडीवर दरड खाली आली, घर गेलं, तेव्हापासून तुळसाबाई पत्र्याच्या खोलीत राहत होती. फोटो काढून गेलेले साहेब परत फिरकले नाहीत. त्यांचं काय जातं? पत्र्याखाली मे महिना काढलेल्यालाच तव्यावरच्या भाकरीचं दुःख कळतं. शेवटी हारूनभाई आणि त्यांच्यासोबतच्या पोरापोरींनी तिचं घर बांधायला काढलं. काळ्या दगडाचं जोतं, तिच्याच शेतातल्या मातीत थोडं सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या विटांच्या जाड भिंती, वर कौलं, गरम हवा निघून जायला आढ्याखाली झरोके, झड अडवायला चहूबाजूंनी रुंद पडवी. पंख्यावाचून चालावं असं घर.

फाल्गुनात भिंती खांद्याला लागल्या आणि तुळसाबाईचा मुलगा दीपेश मुंबईहून आला. त्यानं भिंतीवरून हात फिरवला, बोटाला लागलेली माती पाहिली.

"चाचा, काम बंद करा."

"का रे बाबा?"

"पोरीवाले पहिलं विचारतात, स्लॅब हाय का. मातीचं घर बोललं की फोन कट. मी दोन-तीन वर्षांत स्लॅब टाकतो. आई तवर राहील पत्र्यात."

तुळसाबाईनं पदरानं मान पुसून पत्र्याच्या खोलीकडे पाहिलं, एवढंच. हारूनभाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पण पोराला झापणार कोणत्या तोंडानं? अख्ख्या महाडात आपल्या घरच्या स्लॅबचा तोरा मिरवला होता तो त्यांनीच.

"शुक्रवारी घरी जेवायला ये," ते म्हणाले. "मग बंद करू."

शुक्रवारी भर दुपारी वरच्या हॉलमध्ये ताटं मांडली. वर स्लॅब, पश्चिमेला काचेच्या मोठ्या खिडक्या. हारूनभाईंनी उठून पंखा बंद केला.

"अहो, पंखा?" त्यांची बायको बदरुन्निसा म्हणाली.

"जेवण गार होतं."

दीपेशचा शर्ट पाठीला चिकटला. घास कमी, पाणी जास्त.

"खा रे पोरा," बदरुन्निसा म्हणाली. "तुझ्या चाचांनी मस्कतच्या पैशात हॉल बांधला, त्यावर भट्टी फुकट मिळाली. आम्ही दोघं खाली गोदामात निजतो. वर फक्त पाहुणे."

बायको खरं बोलली की हारूनभाईंना आधी राग येतो. त्या दिवशी तो त्यांनी घासाबरोबर गिळला.

"बाजारपेठेत कुठं बोलू नको," ते पुटपुटले.

दीपेश हसला. "नाय बोलत. पण चाचा, पुढच्या भिंतीला तरी सिमेंट मारा. बाहेरून दिसाया पायजे."

"आत ओल कोंडते रे. दोन पावसांत पापुद्रे सुटतील."

त्यावर निकाल दिला तो पोरासोबत जेवायला आलेल्या तुळसाबाईनं. "पाव्हणे भिंत चाटाया येनार हाईत काय रे? बसाया येतील. बशीव त्यांना."

कौलं चढली. मेअखेरीस मुलीकडचे आले, तेही भर दुपारी. वेळ तुळसाबाईनंच दिली होती. मुलीचा बाप एमआयडीसीत सुपरवायझर, एसीची सवय असलेला माणूस. दारातच त्यानं भिंत पाहून नाक मुरडलं.

"मातीची?"

तो आत आला, भिंतीला पाठ टेकून बसला, कोकम सरबत प्याला. दीपेश आपल्या नोकरीचं सांगू लागला. पाहुणे हं, हं करत राहिले. मग हं थांबलं आणि घोरणं सुरू झालं. त्यांची बायको ओशाळून खांदा हलवू लागली.

"निजू दे गो," तुळसाबाई म्हणाली. "उन्हं उतरली की बोलू."

पडवीत बसलेल्या हारूनभाईंना आत जाऊन फुशारकी मारायची फार घाई झाली होती. बदरुन्निसानं त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.