खिडकीतून आलेली पाहुणी

उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्या त्या बाईला सोबतचे कामगार ‘पाल’ म्हणत, आणि तिला त्याचा अभिमानच होता. श्रीमंत वस्तीतल्या त्या भिंतींवरून ती दोरांना टांगलेल्या फळीवर बसून उतरे, तेव्हा घरी सासूबाई जीव मुठीत धरून बसत.

“अहो आई, माणसं जमिनीवरच जास्त घसरतात,” ती म्हणे.

एकदा नवव्या मजल्यावर काचा पुसताना तिला बाजूच्या गॅलरीत एक आजी दिसल्या. वाऱ्याने त्यांच्यामागे दार आपटून बंद झालं होतं आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. शेजारच्या गॅलरीत जायला म्हणून आजींनी चक्क कठड्यावर पाय टाकला होता.

“आजी, पाय खाली! हे काम माझं आहे!” पाल कडाडली.

आजींनी मुकाट्याने पाय खाली घेतला. “स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे गं,” त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

पालीने भिंतीला पायाने रेटा देऊन ती खिडकी गाठली, कमरेचा पट्टा सोडून ओट्यावर उतरली आणि आतून गॅलरीचं दार उघडलं. आजींनी तिचे साबणाने ओले हात घट्ट धरले, आणि मग दोघींनाही हसू फुटलं.

चहा झाल्यावर आजी तिला पोहोचवायला दाराकडे निघाल्या.

“तिकडून कुठे? माझी फळी इकडे लटकतेय,” म्हणत तिने पट्टा आवळला आणि खिडकीबाहेर पाय टाकला. काच पुसून होईपर्यंत आजी खिडकीशी उभ्या राहून तिच्याशी गप्पा मारत होत्या.