सोमवारची गोळी

मुरबाडकडची ती बाई मला पहिल्या दिवसापासून खुपली. शहापूरच्या दवाखान्यात महिन्याच्या गोळ्या घ्यायला आम्ही दोघी एकाच दिवशी जायचो. आजार दोघींना एकच, एचआयव्ही. नवरेही दोघींचे त्यानंच गेलेले. पण ती यायची गाल भरलेली, नीट चापूनचोपून नेसलेली, आणि बाकावर टेकल्या टेकल्या सांगायची, "माझ्या रक्तात या टायमाला पण काय सापडला नाय." मी किन्हवलीहून एसटीत उभी राहून आलेली, पोटात चहाचा घोटही नसलेला. तिचं ते "या टायमाला पण" मला मिरचीसारखं झोंबायचं.

माझ्या रक्तात विषाणू वाढला होता. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तीन महिन्यांनी परत तपासू. तेव्हाही खाली आला नाही, तर या गोळ्या तुम्हाला लागू पडत नाहीत असं धरावं लागेल. चुकवता का मध्ये?"

मी छातीठोकपणे नाही म्हटलं. माझ्या मते मी चुकवत नव्हतेच. घरात कुणाला आजार माहीत नव्हता. नवरा काविळीनं गेला अशीच सासूची समजूत होती. रोज सकाळी नऊला, कुणी बघत नाही असं पाहून, मी नाचणीच्या डब्यात हात खुपसायचे आणि गोळी काढून गिळायचे. फक्त सोमवारी नाही. रिपोर्ट चांगला यावा म्हणून तर महादेवाचे सोमवार धरलेले. गोळी तोंडात टाकून उपास कसा मोडायचा?

बाहेर येऊन मी तिला तिरकसपणे विचारलं, "तू नाय वाटतं उपास करत?"

"करते की. सोमवार, चतुर्थी, सगळे."

"मग गोळी?"

"सासू देते ना. नऊ वाजले का हाक मारते, गो, गोळी घे. उपासाला आधी देवापुढं ठेवते नि मग देते. बोलते, देवाची म्हणून घे, उपास नाय मोडत."

"माझ्या तर घरात कुणाला माहीतच नाय," मी म्हटलं आणि तोंड फिरवलं.

आतून मी जळून खाक झाले होते. मी आपल्याच घरात चोरासारखी गोळी शोधते, आणि हिला ती सासूच्या हातून प्रसादासारखी मिळते! परतताना मी मनात म्हटलं, येऊ दे एकदा हिचाही रिपोर्ट वाईट. म्हटलं तसं, आता कशाला लपवू?

पुढच्या सोमवारी मी गोळी महादेवाच्या फोटोपुढं ठेवली, हात जोडले आणि पाण्याबरोबर गिळली. देवाची भीती वाटली, पण तिच्या मागं राहण्याची जास्त वाटली. तीन महिने एकाही सोमवारची गोळी सुटली नाही.

रिपोर्ट आला. विषाणू सापडला नाही. मॅडमना सोमवारचं खरं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला आणि मग हसल्या. मी बाहेर येऊन तिच्याशेजारी बसले आणि मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "माझ्या पण रक्तात काय सापडला नाय."

तिला खरंच आनंद झाला. त्याचाही मला थोडा रागच आला. पण भूक लागली होती. मी फडकं सोडलं आणि तांदळाची एक भाकरी तिच्या हातावर ठेवली. "घे. मीच थापलीय."

"घरात भाकऱ्या तूच करतेस?"

"मग कोण करणार? सात माणसांच्या मीच करते."

"नि सगळे खातात?"

मला तिचा प्रश्नच कळेना. मग ती सांगू लागली. सासू गोळी देते ती वरून टाकते, बोटाला बोट लागू नये म्हणून. ताट वेगळं, तांब्या वेगळा. चुलीला हात लावून सहा वर्षं झाली. तिची पोरगी काकीच्या हातचं जेवते. जेवणानं, ताटानं हा आजार लागत नाही, हे मॅडम आम्हाला दर खेपेला सांगायच्या. तिनं सासूलाही ते सांगून पाहिलं होतं.

तिनं भाकरी मोडली नाही. माझ्या बोटांचे भाकरीवर उमटलेले ठसे बघत राहिली.

"तू बोललीस ना, घरात कुणाला माहीत नाय," ती म्हणाली, "तेव्हापासून जळते गो मी तुझ्यावर."