पेल्यावरची लाल रेघ

फोन आला तेव्हा मी गुलबर्ग्याला लेकीकडं होते, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी बांधून बसलेली. पुतण्या म्हणाला, "काकू, आई गेली. दुपारी जेवून आडवी झाली, उठलीच न्हाई." माझ्या तोंडातून काय निघावं? "व्हय? झोपेतच?" अन् मनात पहिलं आलं ते हे, की बघा, मरणसुद्धा हिलाच कसं नीट जमलं. ना कुणाची सेवा घेतली, ना कुणाला जागवलं. माझ्याकडून असलं काही व्हायचं न्हाई, मी सगळ्यांना तंगवूनच जाणार... रडू मागून आलं. आधी हेवा आला. दीड महिना झाला, आता लिहायला बसले तर खोटं कशाला लिहू?

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, सुलोचना. भातंब्र्याची लेक. मुडबीच्या आमच्या घरात ती माझ्याआधी तीन वर्षं आली अन् मी येईपर्यंत सगळं घर तिनं मुठीत घेतलं होतं. भाकरी थापताना तिच्या पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी असायची, नजर दुधावर, तोंडानं दारातल्या बाईला निरोप सांगणं चालू. भाकरी फाटायची न्हाई, लेकरू उठायचं न्हाई, दूध उतू जायचं न्हाई. अन् मी? मला एका वक्ताला एकच काम येतं, आजही. बोलायला लागले की हात थांबतो. सासूबाई म्हणायच्या, "थोरली दहा हाताची, धाकटी दीड हाताची. रत्ना, एक तर बोल, न्हाई तर दूध बघ." आल्यागेल्यासमोर म्हणायच्या. अक्का हसायची न्हाई, हेच जास्त झोंबायचं. हसली असती तर भांडता तरी आलं असतं.

तीन वर्षांमागं अक्काच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले, मग तिथंच व्यायामाला नेऊ लागलो. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम म्हणजे कवळी पोरगी, कानडी अन् हिंदी बोलणारी. काठी धरून अक्का महिन्याभरात चालू लागली, पण एक विचित्र व्हायचं. चालताना कुणी काही विचारलं की तिचे पाय जागच्या जागी उभे. उत्तर द्यायची, मग पुन्हा पाऊल. मॅडमनं सांगितलं, आधी चालणं आपोआप व्हायचं, आता तेवढ्यालाच सगळं ध्यान लागतंय. पण घरात नुसतं चालत कोण असतं? हातात चहा असतो, कुणी हाक मारतं, बाई वळते अन् पडते. म्हणून आता चालणं अन् दुसरं काम, दोन्ही मिळून शिकायचं. पाण्याचा पेला घेऊन चाला, चालताना तोंडानं काही म्हणा, अन् शेजारी कुणीतरी कमरेला धरून पाहिजेच.

ते ऐकून माझ्या मनात काय आलं सांगू? देवा, माफ कर. म्हणलं, आता कळंल. दहा हाताची आली दीड हातावर.

कमरेला धरणारी मीच. नातीनं स्टीलच्या पेल्याला नखाच्या लाल रंगानं रेघ ओढली, तिथवर पाणी भरायचं. सैपाकघराच्या दारापासून अंगणातल्या लिंबापर्यंत जायचं. पाय थांबले की परत पहिल्यापासून, हा अक्कानं स्वतःच घातलेला नियम. मॅडमनं वार उलटे म्हणायला सांगितले होते. अक्का म्हणाली, "वार उलटे म्हणलं तर आठवडा माघारी जातोय व्हय? मला न्हाई जमत." मग तिनंच काढलं, गल्लीतल्या सुना मोजायच्या, दारामागून दार, कोण कुठली. "कासाराची शांता हुलसूरची... मास्तराची कमळ उदगीरची... तेल्याची जनी भालकीची..." पाऊल अन् नाव, पाऊल अन् नाव. आधी चार दारांवर थांबायची, मग सात, मग दहा. तिला एकच ध्यास, पाहुण्यांना चहा माझ्या हातानं नेईन तेव्हाच मी बरी.

पण मी ऐकत होते ना! मोजत मोजत आमच्या दाराशी आली की म्हणायची, "मी भातंब्र्याची," अन् लगेच शेजारचं दार. मी कुठं गेले? माझं माहेर कोहिनूर गाव, ती कोहिनूरची रत्ना कुठं गेली? वाटलं, दुखण्यात विसरली असंल. पण जी बाई मरून वीस वर्षं झाली तिचं माहेर आठवायलंय, अन् एका चुलीवर बेचाळीस वर्षं जिच्यासंगं सैपाक केला ती आठवंना? रोज वाट बघायची, रोज गाळायची. शेवटी रुसले. दोन दिवस पाठ दुखायली म्हणून पडून राहिले. नातसुनेनं धरलं, अन् दुसऱ्याच दिवशी अक्का न थांबता लिंबापर्यंत पोचली. गल्ली गोळा झाली, टाळ्या काय, साखर काय! पडून ऐकत होते मी. आजारी पडून बरी झाली तरी कौतुक तिचंच.

सांजच्याला दारात काठीचा आवाज. अक्का उभी. डाव्या हातात चहाची कपबशी, मागं नातसून हात पुढं करून. अर्धा चहा बशीत.

"रुसलीस व्हय?"

"मी कामून रुसू? तुमच्या यादीत न्हाई मी, रुसायला."

अक्का खाटेवर बसली. "तुझं नाव घेतलं की पाय थांबायलेत गं. दोनदा करून बघितलं, मनातल्या मनात."

"कामून?"

"बाकीच्या पाठ हैत. तू कुठं पाठ हैस? रोज नवीन कायतरी काढतीस. तुझा इचार करावा लागतोय... म्हणून गाळते. मला लिंबापर्यंत जायचं हाय ना!"

कौतुक होतं का टोमणा, मला आजवर कळलं न्हाई. चहा गार झालेला, तोही पिले. म्हणलं, "मग थांबा की एकदा. काय बिघडतंय?" दुसऱ्या दिवशी मी धरलं. आमचं दार आलं. "मी भातंब्र्याची... कोहिनूरची रत्ना," अन् उभी राहिली. माझ्या हातात तिची कंबर, तिच्या हातात पेला. किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. मग म्हणाली, "चल, परत पहिल्यापासून." तिथून पुढं रोज तसंच.

पुढं दोन वर्षं तिनं पाहुण्यांना चहा नेला, गप्पा मारत नेला. अन् लोक म्हणायचे, बघा, अक्का ती अक्काच. मी मागून बिस्किटं घेऊन.

गुलबर्ग्याहून आले तर तो लाल रेघेचा पेला मोरीत. पोरं त्यातनं पाणी पीत होती. मी धुतला अन् माझ्या ट्रंकेत ठेवला, कुणाला हात लावू देत न्हाई. म्हणू द्या म्हणायचं ते. सकाळी अंगणात कुणी नसलं की काढते. रेघेपर्यंत भरते, दारातून निघते. हुलसूरची शांता, उदगीरची कमळ, भालकीची जनी. दीड हाताच्या बाईला आता दोन्ही जमतंय, बघायला तीच न्हाई. मग आमचं दार येतं, भातंब्र्याचं नाव येतं... माझे पाय काही थांबत न्हाईत. तोंड थांबतंय. तशीच मुक्यानं लिंबापर्यंत जाते.

मग माघारी फिरते, दाराशी येते, परत पहिल्यापासून.