घरच्या फोनवरचं माझं संशोधन

माझा एक शोधनिबंध फार गाजला. तो कुणी वाचलेला नाही, हेच त्याच्या गाजण्याचं मुख्य कारण असावं. लातूरला क्लाससाठी खोल्या करून राहणाऱ्या पोरापोरींना घरून रोज फोन आला तर परीक्षेची भीती वाढते की कमी होते, हे मी त्यात तपासलं होतं. मी मानसशास्त्र शिकवते, असल्या प्रश्नांसाठीच मला पगार मिळतो. उत्तर निघालं की काहीच होत नाही. ना वाढते, ना कमी होते. असला निष्कर्ष कुणी छापेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले.

पुढे त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग नांदेडच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी आपल्या लेखात लिहिलं की घरच्या फोनमुळे भीती वाढते, आणि हवाला दिला माझा. दुसऱ्याने तो त्यांच्या लेखातून उचलला, तिसऱ्याने दुसऱ्याच्या. सायटेशन, म्हणजे इतरांनी आपला हवाला देणं, हीच आमच्या धंद्यातली पत. जे मी कधी म्हटलंच नव्हतं त्याच्या जोरावर माझी पत वाढत गेली. मी एकदोघांना चूक कळवली. एकाने मनापासून आभार मानले आणि पुढच्या लेखात पुन्हा तेच छापलं. प्राचार्यांनी शाल घातली, पदोन्नतीसाठी अर्ज करा म्हणाले. मी केला.

तेवढ्यात जळकोटहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिची लेक लातुरातच एका मुलींच्या होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी नीटचा क्लास करत होती. होस्टेलने घरचे फोन बंद केले होते.

"लेकीचा आवाजसुद्धा ऐकू देईनात गं," ती म्हणाली. "कुण्या मॅडमनं शोध लावलाय म्हनं. त्या मॅडमला लेकरंबाळं हायत का न्हाईत?"

ती मॅडम मीच, हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, "मग तूच सांग की त्यायला."

मी होस्टेलवर गेले. रेक्टरबाईंनी मी कोण ते कळल्यावर खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, आणि नियम तुमच्यामुळेच आहे म्हणून कौतुकाने माझ्याकडे बघत बसल्या. माझं संशोधन तसं सांगत नाही, म्हटलं. त्यांना माझी दया आली. एवढे मोठमोठे प्राध्यापक म्हणतात, तुम्ही एकट्याच कसं नाही म्हणता, असं त्यांनी मलाच समजावलं. भाचीला गेटवर पाच मिनिटं भेटू दिलं. पोरगी वाळून गेली होती. आई बरी आहे का, एवढंच तिने दोनदा विचारलं.

म्हणजे आता नांदेडच्या सरांकडूनच हे वदवून घ्यायला हवं होतं. नांदेडला विद्यापीठात झालेल्या माझ्या पदोन्नतीच्या मुलाखतीला नेमके तेच तज्ज्ञ म्हणून बसलेले. घरच्या फोनचा धोका मॅडमनीच सर्वप्रथम दाखवून दिला, अशी त्यांनी माझी ओळख करून दिली. पदोन्नती गेली तर गेली, असं मनाशी म्हणत मी तोंड उघडलं.

"सर, मी असं दाखवलेलं नाही. फोनने काहीच फरक पडत नाही, असं मी लिहिलंय."

"याला आधार काय?"

"माझाच निबंध."

"स्वतःचा हवाला आपण धरत नाही, मॅडम," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या, कारण नियम खरंच तसा आहे.

माझी निवड झाली. एवढं नाव होऊनही मॅडम श्रेय घेत नाहीत, असा विशेष शेरा मिळाल्याचं नंतर कळलं. नांदेडहून परतताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून चडफडत होते. खरं सांगून काही होत नाही, एवढं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी होस्टेलवर जाऊन सरळ थाप मारली. नवीन संशोधन सुरू आहे, म्हटलं. एका मुलीने रोज माझ्यासमोर घरी फोन करायचा, भीती किती वाढते ते मी बघणार. रेक्टरबाईंनी लगेच खोली उघडून दिली, पंखा लावला आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या.

भाचीने फोन लावला. आईने जेवलीस का विचारलं, हिने हाव म्हटलं. भाजी कशाची होती, तर बटाट्याची. मग दोघींना काही सुचेना. तरी पोरीने फोन कानाला गच्च दाबून धरला होता. बऱ्याच वेळाने तिने तो माझ्या हातात दिला, डोळे पुसले आणि दाराकडे बघत हळूच विचारलं, "मावशी, उद्या बी संशोधन हाय ना?"