गुजरातेतली गिऱ्हाइकं

सकाळच्या चहाबरोबर मी आकडा बघायचे. काल माझी पॅकेजेस किती वेळा डाउनलोड झाली, तो आकडा. पॅकेज म्हणजे एकच काम करणारा लहानसा प्रोग्राम. असे चार मी लिहिले होते आणि भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर, स्वतःच्या जागेत ठेवले होते. मोठ्या सार्वजनिक साइटवर ठेवायचा धीर झाला नाही. तिथे ओळखीचं कोणी भेटेल, काही विचारेल, अशी भीती वाटायची.

चारपैकी तीन कोणी घेत नसे. चौथं मात्र जायचं. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर फोनवर उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. तो वाचण्यासारखा करून देणारं ते पॅकेज. पप्पांना बागायतदारांच्या सोसायटीकडून अशा फाईली यायच्या आणि ते फोन माझ्यापुढे धरायचे. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली, नीट दिसणारी मराठीसुद्धा सावकाश वाचणारी. म्हणून ते आधी पप्पांसाठी लिहिलं, मग कोणालाही घेता येईल असं ठेवून दिलं.

डहाणूला आमची चिकूची वाडी आहे. जेवायला बसलं की आई पप्पांना विचारते, आज किती पेट्या गेल्या. मी एकदा घरात डाउनलोडचं बोलून गेले, तेव्हापासून ती त्याच सुरात मलाही विचारू लागली, "आणि तुझं? किती गेलं?" मी सांगायचे, चाळीस. पन्नास. एकदा ऐंशी.

"फुकट आहे, मग जाणारच," पप्पा म्हणाले.

"पावसात तुमचे चिकू फुकट दिले तरी कोणी नेत नाही," आई म्हणाली, आणि त्यांना आणखी भात वाढला.

आकडा मोजायचं काम मी नीट केलं होतं, अशी माझी समजूत होती. इंटरनेटच्या कोणत्या पत्त्यावरून काय उतरवलं गेलं याची नोंद सर्व्हर ठेवतोच. त्यातून सर्च इंजिनांच्या आपोआप फिरणाऱ्या फेऱ्या मी काढून टाकल्या होत्या, आणि तलासरीचा क्लासही.

तलासरीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी आठवड्यातले काही दिवस शिकवायला जायचे. चारोटीला एक गाडी सोडायची, तिथून हायवेने दुसरी. तिथली दहा मशीन्स अशी लावलेली होती की बंद होऊन चालू झाली की पुन्हा कोरी व्हायची. मुलांनी काहीही पुसलं, बिघडवलं, तरी चिंता नको. माझं पॅकेज तिथे सरावासाठी वापरायचे, त्यामुळे मशीन चालू झालं की दरवेळी ते माझ्या सर्व्हरवरून आपोआप उतरायचं. ही डाउनलोड्स धरणं म्हणजे स्वतःच स्वतःला टाळ्या वाजवणं. म्हणून क्लासच्या इंटरनेटचा पत्ता मी मोजणीतून वगळला होता.

पत्त्यावरून शहराचा अंदाज येतो. माझ्या नोंदीत मुंबई असायची, पण जास्त करून गुजरात. सुरत, अहमदाबाद, कधी बडोदा. आणि एकाच पत्त्यावरून एकदम दहा-दहा डाउनलोड्स. कुठलंतरी ऑफिस असणार, असं मी धरलं. मग ते ऑफिस मी हळूहळू सजवत गेले. सुरतेतलं मराठी मंडळ, त्यांचे जुने अंक, ते अंक नव्याने टाईप न करता वाचते करणारी एक बाई. त्या बाईला मी चष्मासुद्धा दिला होता. लाजाळू माणसाला न भेटलेली माणसं फार आवडतात.

याच सुमारास पुण्याच्या एका लहान कंपनीची जाहिरात कॉलेजच्या मैत्रिणीने पाठवली. भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरचं काम, तेही घरी बसून. डहाणू सोडायचं नाही आणि आवडीचं काम करायचं, असं दुसरं काही माझ्यासमोर येणार नव्हतं. त्यांनी दोन गोष्टी लिहून मागितल्या होत्या: तुम्ही काय बनवलंय आणि ते किती लोक वापरतात. त्यानंतर व्हिडिओ कॉल. आधीच्या दोन मुलाखतींत मी हो, नाही, येस, नो एवढंच बोलले होते आणि दोन्हीकडून पुढे काहीच कळलं नव्हतं. या वेळी मी ठरवलं होतं की बोलायचं काम आकड्याने करायचं. तो आधी पोचेल, माझ्याबद्दल चांगलं मत करून देईल, मग मी नुसतं बसले तरी निभावेल.

होळी आली. तलासरीत होळी म्हणजे मोठा सण, कामाला बाहेर गेलेली माणसं पाड्यांवर परततात, क्लास चांगला आठवडाभर बंद असतो. त्या आठवड्यात माझ्या डाउनलोड्सचा आलेख एकदम जमिनीला टेकला. दिवसाला एखादं डाउनलोड, नाहीतर तेही नाही. आई म्हणाली, गुजरातमध्येही होळी असेलच की. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणू या.

अर्ज पाठवायच्या आदल्या दिवशी मी क्लासला होते. सकाळपासून लाईटचा खेळ चालला होता. जायची, यायची, मुलं व्हरांड्यात जाऊन उभी राहायची, परत आत यायची. बॅटऱ्या केव्हाच मेलेल्या, त्यामुळे दरवेळी सगळी मशीन्स बंद होऊन नव्याने सुरू. लाईट आली की क्लास चालवणारे सर खिडकीपाशी जाऊन आपला फोन हलवून ठेवत होते. मी विचारलं, तिथेच का ठेवता.

"ह्या कोपऱ्यात गुजरातचा टॉवर पकडतो," ते म्हणाले. "टेबलावर ठेवला की महाराष्ट्र. गुजरात फास्ट आहे, मॅडम."

मी विचारलं, क्लासच्या लाईनचं काय झालं. ती तर दिवाळीच्या आधी रस्ता खोदताना तुटली, कोणी जोडायलाच आलं नाही, तेव्हापासून सगळ्या मशीन्सचं इंटरनेट त्यांच्या फोनवरूनच चाललंय, असं त्यांनी सहज सांगितलं. फोन खिडकीत असतो हे मी दरवेळी बघत होते. बघितलेल्या गोष्टी मी जोडल्या मात्र नव्हत्या. मी वगळला होता तो पत्ता त्या तुटलेल्या लाईनचा होता.

तिथेच उभी राहून मी आलेख उघडला. सकाळपासून सुरत, सुरत, सुरत. दरवेळी दहा. सर माझ्या खांद्यावरून बघत होते. हे काय आहे ते मला त्यांना सांगावं लागलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "म्हणजे मॅडम, लाईट गेली की तुमचं नाव होतं."

मुलं हसली. मीही हसले, पण चारोटीला गाडी बदलताना रडू येईल असं वाटत होतं. सुरतेची ती बाई गेली होती.

घरी येऊन मी सरांच्या फोनवरून झालेली सगळी डाउनलोड्स काढली. उरली आठवड्याला पाच-सहा. पप्पांचं मत होतं की मोठाच आकडा लिहावा. "डाउनलोड झालं ना? मग खोटं कुठे आहे?" त्यात तथ्य होतं. पण ऐंशी लिहिलं असतं, तर कॉलवर कोणीतरी विचारणारच, हे लोक कोण? आणि माझ्याकडे सांगायला होता एक चष्मा. मी लिहिलं: आठवड्याला पाच-सहा, बाकी माझाच क्लास.

कॉलवर एक बाई आणि एक तरुण मुलगा होता. त्याने पहिलाच प्रश्न तो विचारला, बाकी माझाच क्लास म्हणजे काय. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि खिडकीतल्या फोनपाशी पोचेपर्यंत मराठीत आले होते. टॉवर सांगितला, तुटलेली लाईन सांगितली, होळीचा आठवडा सांगितला. सरांचं वाक्य सांगितल्यावर बाई मोठ्याने हसल्या. मग त्यांनी विचारलं, की त्या पाच-सहांची खात्री कशावरून? मी म्हटलं, खात्री नाही, पण ते आमची लाईट न जाताही येतात.

त्यांनी मला आधी तीन महिन्यांसाठी घेतलं. पहिलं काम दिलं ते त्यांच्याच पॅकेजेसचे आकडे तपासायचं. त्यातही बराच मोठा भाग त्यांच्याच मशीन्सचा निघाला. ते सोमवारच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, तोंडी सांगायचं होतं. मी कॅमेरा बंद ठेवून सांगू का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, चालेल. अर्धं सांगून झाल्यावर आलेखाची रेघ कशी खाली येते ते दाखवायचं होतं, आणि ते हवेत बोट फिरवून दाखवणं सोपं होतं, म्हणून मी कॅमेरा लावला.