मॅडमच्या जीपमधला वानवळा

घोडेगावहून एका संस्थेचं परसबागेचं प्रशिक्षण घेऊन मी परत आले, तेव्हा माझ्याकडं बियांची पुडकी आणि ‘स्वयंसेविका’ असं छापलेली कापडी पिशवी होती. बेल्ह्याजवळच्या आमच्या गावात बायकांना घराशेजारी भाजी कशी लावायची ते मी शिकवायचं होतं. या बायका कळायला लागल्यापासून शेतात. सकाळभर कांद्याची लागण करून, दुखरी कंबर धरत त्या माझ्या सभेला यायच्या आणि मी त्यांना बी किती खोल टाकायचं ते सांगायची. त्या मान हलवायच्या. सभेत चहा असायचा.

तसं संस्थेचंही अगदीच चुकत नव्हतं. गावचा टोमॅटो टेम्पोनं नारायणगावला जायचा आणि गावाच्या ताटात बेसन, नाहीतर बटाटा. चांगली भाजी ही बाजारात न्यायची वस्तू, घरी खायची नव्हे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. म्हणून मोरीच्या सांडपाण्यावर दोन-चार वाफे करायचे, मेथी, पालक, दोडका लावायचा आणि तो घरच्यांनीच खायचा, एवढंच शिकवायचं होतं.

मला हे काम फार हवं होतं. लग्न होऊन आल्यापासून स्वतःच्या कामानं मी उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. जायला ठिकाणही नव्हतं. आंबेगावकडचं माझं माहेर डिंभ्याच्या धरणात गेलं, आई त्याआधीच गेली होती, आणि भाऊ मुंबईकडं पोटापाण्याला लागला तो तिकडचाच झाला. मंगळवारची सभा तेवढी माझी होती. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ते पसंत नव्हतं. त्यांनी निकाल दिला होता की संस्थेच्या मॅडम बागा बघायला येतील, त्यांनी पुढच्या हंगामाला ठेवून घेतलं तर ठीक. नाहीतर पिशवी खुंटीला आणि मी कांद्यात.

मग मी हट्टालाच पेटले. कुणाचा वाफा कोंबड्यांनी उकरला, कुणाच्या सासऱ्यानं नेमकी तिथंच शेळी बांधली. मी भांडले, काट्याकुट्यांची कुंपणं घालून घेतली. आमच्या मोरीमागं तर असा दोडका लागला की आत्याबाईसुद्धा जाता-येता वाकून बघायच्या. मी बघतेय असं दिसलं की पदर सारखा करायच्या.

मॅडम येणार त्याच्या आदल्या दिवशी मी घरोघर सांगत फिरले की उद्या पाहुणे येणार आहेत, जरा नीट दिसू द्या. पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडं काय होतं, हे प्रशिक्षणात नव्हतं.

आमच्याकडं आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं वाटेला लावत नाहीत. शेतात जे असेल ते पिशवीत भरून देतात, त्याला वानवळा म्हणतात, आणि नको म्हटलं की आणखी देतात. सकाळी मी चावडीच्या ओट्यावर सतरंजी घालायला गेले होते. घरी येऊन बघते तर मोरीमागं नुसती माती. मेथी उपटलेली, पालक कापलेला, बियाणाला राखलेला दोडकासुद्धा वेलावर नाही. शेजारी तेच. आळीभर तेच. भाज्या धुऊन, जुड्या बांधून ओट्याकडं चालल्या होत्या आणि बायका ठेवणीतल्या साड्या नेसून त्यांच्यामागं. मी घातलेल्या सतरंजीवर बाजार भरला.

मॅडम ओझरच्या गणपतीचं दर्शन घेऊन दुपारी आल्या. तोवर मेथीनं माना टाकल्या होत्या. बागा कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. मी दाखवल्या. बरोबरच्या माणसानं मातीचे फोटो काढले. मॅडम एकेका वाफ्यापुढं शांतपणे उभ्या राहत होत्या आणि तिकडं बायका त्यांची जीप भरत होत्या. ड्रायव्हर विचारत होता की पाय कुठं ठेवू. शेवटी मॅडमनी मला बाजूला घेऊन अगदी गोड शब्दांत सांगितलं की पुढच्या हंगामाला आपण दुसरं गाव घेतोय. मग मांडीवर आमचा दोडका घेऊन त्या गेल्या.

घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं, इतका संताप झाला होता. आत्याबाईंना म्हटलं, झालं तुमच्या मनासारखं. माझं काम बंद पाडायलाच तुम्ही बाग ओरबाडलीत. बियाणाचा दोडका तरी ठेवायचा होता.

त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. थापतच राहिल्या.

“तुज्या माहेरचं इतक्या वर्सांत कोण आलं व्हतं का?” त्या म्हणाल्या. “ही बाई तुजं नाव इचारत दारात येनार व्हती. तिला रिकाम्या हातानं लावू?”

आई आठवली. मी तिथंच जमिनीवर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही, भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं. मग त्यांनी विचारलं, मंगळवारी किती वाजता निघायचं? मी म्हटलं, आता कसली सभा, संपलं ते.

“त्यांचं संपलं,” आत्याबाई म्हणाल्या. “पर वाफं मोकळं पडल्यात सगळ्यांचं. ते परत लावायला कोण सांगनार?”

मंगळवारी त्या माझ्याबरोबर आल्या आणि सगळ्यांत पुढं बसल्या. संस्था गेल्यामुळं चहा नव्हता, तरी बायका आल्या. बी किती खोल टाकायचं ते मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आत्याबाईंनी मान हलवली.