कान रिकामा राहू नये म्हणून

माझी आणि अक्कांची ओळख एका वर्तमानपत्राच्या पुरवणीमुळे झाली. मी तेव्हा सोलापुरातल्या एका दैनिकात महिलांची पुरवणी पाहत होते. कॉलेजच्या मुलींमध्ये बुगडीची हौस पुन्हा आली होती आणि कानाला कुठे टोचलं की किती दुखतं, यावर संध्याकाळपर्यंत मजकूर हवा होता. साखर पेठेत वेदपाठकांचं सोन्याचांदीचं छोटं दुकान आहे, तिथल्या बाई कान टोचतात, असं कुणीतरी सांगितलं. मी गेले. पुढच्या बाजूला गणपतराव वेदपाठक, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, मान खाली घालून तार ओढत बसले होते. लाकडी पडद्यामागे त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई. त्या साऱ्या पेठेच्या अक्का. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे आणि त्यात मला चार शब्द लिहायला सांगितलं, हा मी माझा मान समजते.

त्या दिवशी अक्कांनी माझ्याच कानाला बोट लावून धडा घेतला. "ही पाळी. हितं मुंगी चावल्यागत. घोटभर पाणी प्याल तोवर विसराल. ही वरची कड, बुगडीची. हितं टोचताना चिमटा बसतोय, पण खरं दुखणं दुसऱ्या दिवशी. ठणकतंय. आणि बरं व्हायला लई महिने लागत्यात. कानाच्या दाराशी हा जो टवका हाय, तितं वाटतं तेवढं दुखत न्हाय, पण सुई जाताना आतनं करकर आवाज येतोय. पोरी त्यालाच भितात." मग बोट कानाच्या आतल्या वाटीत नेलं. "हितलं मी करत न्हाय. लई दुखतंय आणि लई दिवस दुखतंय. हौस असंल तर डॉक्टरीणबाईंकडं जावा."

"आणि कमी दुखावं म्हणून काय करायचं?"

"जेवून यायचं. उपाशी पोरगी सुई बघायच्या आधीच आडवी होतीय."

मजकूर छापून आला, पण शेवटचा परिच्छेद जागेअभावी गळाला. पुढच्या आठवड्यात मी सहज डोकावले तर अक्का वाटच पाहत होत्या. "दुखतंय तेवढं सगळं छापलं की तुमी. जेवून यायचं कुटं गेलं? काल एक एकादशीची आली, हितंच पडली."

"अक्का, ऐन वेळी जाहिरात आली."

"कशाची?"

"दुखण्यावरच्या गोळीची."

पडद्यापलीकडून अण्णा मोठ्याने हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना मोठ्याने हसताना तेवढंच ऐकलं.

अण्णांबद्दल लिहिल्याशिवाय अक्कांच्या कामाबद्दल लिहिता येत नाही. टोचल्यावर कानात घालायची तार अण्णा करत. तारेचं टोक घासून इतकं गुळगुळीत करत की बोटावर फिरवलं तरी कुठे अडकू नये. टोकाला केसाएवढा खडबडीतपणा राहिला तरी तो कानाला रोज ओरखडतो, असं ते म्हणत. अक्कांनी कधी तार मागितलेली मी पाहिली नाही. मूल मांडीवर बसलं की पडद्याच्या फटीतून अण्णांचा हात आत यायचा, त्यात तार असायची. दोघं त्या कामात एकमेकांशी बोलत नसत.

अक्कांचा एक गुण मला विशेष वाटतो. चांगलं काही कळलं की त्या जुनं सोडायला वेळ लावत नाहीत. पूर्वी त्याही टोचलेल्या कानाला हळद आणि खोबरेल तेल लावत. पेठेतल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा सांगितलं की त्यात धूळ चिकटते आणि कान पिकतो, त्यापेक्षा उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने पुसा, तार सारखी फिरवू नका आणि प्रत्येकाला नवी सुई वापरा. अक्कांनी त्या दिवसापासून तसंच केलं. म्हाताऱ्या बायका कुरकुरल्या तर म्हणायच्या, "हळद आमटीत घाला, कानाला कशाला?" ज्यांच्या अंगावर साध्या जखमेचीही गाठ येते, त्यांना अक्का न टोचता डॉक्टरीणबाईंकडे पाठवत. उलट सुईला घाबरणारी लहान मुलं डॉक्टरीणबाई अक्कांकडे पाठवत. कान टोचायची पिस्तुलं शहरात आली तेव्हा एक विक्रेता फुकट देऊ करत होता. अक्कांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. वरच्या कडेला ते फटकन मारलं तर आतून चिरतं, एवढंच त्या म्हणाल्या.

अक्का मुलांशी कधी खोटं बोलल्या नाहीत. एकदा यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ आपल्या लहान मुलीला घेऊन आले होते. मुलगी रडवेली झाली आणि ते तेलुगूत तिला समजावू लागले, "एम् कादू तल्ली, एम् कादू." म्हणजे काही होत नाही, बाळ.

अक्कांनी सुई खाली ठेवली. "कादू म्हणू नका मालक. होतंय." मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "दुखंल. तू एक लांब फुंकर मारशील तोवर दुखंल, मग थांबंल. मार बघू."

मुलीने फुंकर मारली आणि त्या फुंकरीतच सुई पार झाली. श्वास सोडताना अंग सैल असतं, तेव्हा टोचलं की कमी दुखतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मुलगी मात्र कान धरून म्हणाली, "थांबलं न्हाय अजून."

"मग आणखी एक मार."

हे सगळं काम पुढच्या खोलीतलं. अक्कांचं जे काम मला सर्वांत मोठं वाटतं, ते मागच्या खोलीत चालायचं. त्या खोलीला बोळातून वेगळं दार आहे. नवरा गेल्यावर काही घरांत बाईच्या कानातल्या कुड्याही काढून घेतात. पुढे घरचं वारं निवळतं, सुना-मुली म्हणतात घाला आता, पण तोवर भोकं बुजलेली असतात. अशा बायका होटगीहून, मंगळवेढ्याहून, कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या बोळातल्या दाराशी यायच्या.

माझी आईही त्या दारातून गेली. वडील गेले तेव्हा दहाव्या दिवशी माझ्या आत्याने आईच्या कुड्या काढल्या. आत्या वारल्यावर एका रविवारी आई मला म्हणाली, "तुझ्या त्या अक्कांकडे नेतेस का?"

अक्कांनी पाळी दोन बोटांत धरून बराच वेळ चाचपली. "बुजलेल्या भोकाला नव्यापेक्षा जास्त दुखतं. तितली कातडी चिवट झालेली असती. शेजारी नवं पाडू का? सोपं जाईल."

"जिथं होतं तिथंच पाडा," आई म्हणाली.

अक्कांनी आधी तिला दूध-भाकरी खायला लावली. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ पाळीला धरला. मग हळूहळू, थांबत थांबत, त्यांनी जुनी वाट शोधली. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दुखतंय का?"

"नाही."

"दुखत असलं तर दुखतंय म्हणावं. हितं मागं कुणी सासर बसलेलं न्हाय."

आई रडता रडता हसली. ती शेवटपर्यंत कुड्या घालून राहिली आणि कुड्या घालूनच गेली. असं म्हणू शकणाऱ्या लेकी सोलापुरात आणि आसपासच्या गावांत पुष्कळ आहेत. अक्का त्या प्रत्येकीच्या आईला निघताना एकच वाक्य सांगायच्या: "कान रिकामा ठेवू नका. माणूस गेलंय, तुमी न्हाय गेलेल्या."

अक्कांनी हे काम स्वतःपुरतं ठेवलं नाही. शबाना ही त्यांच्याच पेठेतल्या टेम्पोचालकाची मुलगी. शाळेत असताना बाळ्या घालायला आली आणि अक्कांचा हात बघत बसली, ती रोज येऊ लागली. अक्कांनी तिला आधी कापसाच्या बोळ्यावर, मग रबरावर टोचायला शिकवलं आणि बऱ्याच काळाने स्वतःची पाळी पुढे केली. आज विजापूर वेशीत तिचं ब्यूटी पार्लर आहे. कान टोचायला ती जो काही वेळ घेते, तो अक्कांइतकाच घेते.

गौरवलेखात दुःखाचं किती लिहावं, याला मर्यादा असते हे मला कळतं. पण गेलं वर्ष वगळून अक्कांविषयी लिहिणं मला खोटं वाटेल. गेल्या वर्षी अण्णा गेले. स्मशानातून पुरुषमंडळी परत येण्याआधीच अक्कांनी स्वतःच्या हाताने कानातल्या कुड्या काढून डबीत ठेवल्या. घरातल्या कुणी तसं सुचवलं नव्हतं. सुनेने तर हात धरला होता.

पेठेतल्या बायकांना ते फार लागलं. एकजण तोंडावर म्हणाली, "आमाला सांगत होता, आणि आता तुमीच?"

अक्का मला नंतर म्हणाल्या, "कुणी काढायला लावल्या न्हाईत गं. त्यांनी केलेल्या होत्या. कानात असल्या की पडद्यापलीकडं ते बसलेत असं वाटतंय. मग मी तार घ्यायला हात करती."

रीत म्हणून काढल्या असत्या तर आम्ही भांडलो असतो. दुःखाशी कसं भांडणार? वर्ष गेलं. अक्का दुकानात येत, लहान मुलांचे कान टोचत. तार आता बाजारातून येते. ती त्या पुन्हा पुन्हा बोटावर फिरवून बघतात.

याच ग्रंथासाठी फोटो घ्यायला मी गेले होते, त्या दिवशीची गोष्ट. बोळातलं दार वाजलं. मैंदर्गीहून एक बाई आल्या होत्या, चाळिशीच्या आतल्या, बरोबर लेक. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. लेकीनेच आग्रहाने आणलं होतं. अक्का नेहमीसारख्या उठल्या, "या, बसा," म्हणाल्या. ती बाई बसली नाही. तिने अक्कांच्या कानांकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. मग लेकीला हळूच म्हणाली, "निम्म किव्यागू इल्ल अंत हेळ." तुमच्याही कानात नाही, असं सांग.

लेकीला ते मराठीत सांगायचं धैर्य झालं नाही. गरजही नव्हती, अक्कांना कानडी कळतं. त्या म्हणाल्या, "माझं वेगळं हाय बाई."

"वेगळं कसं?" ती बाई मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. "तुमी मोठ्या हायसा. तुमीच काढलं, तर माजं बरोबरच झालं की." आणि लेकीचा हात धरून ती बोळातून निघून गेली. लेक दोनदा मागे वळून बघत होती.

मी कॅमेरा पिशवीत ठेवला. अक्का उघड्या दाराकडे बघत म्हणाल्या, "फोटो आज नको. शबानाला फोन लाव."

शबाना पार्लर बंद करून आली. तिने कान पाहिला. पुढून वाट शिल्लक होती, मागून बुजली होती. "अक्का, दुखेगा," ती म्हणाली.

"मला सांगतीस?"

"मग कुणाला सांगू? खोटं बोलायचं न्हाय, तुमीच शिकवलंय की." तिने सुई पाळीला टेकवली. "अब सांस छोडो."

अक्कांनी श्वास सोडला. सुई अडली. शबाना थांबली, पुन्हा श्वास सोडायला लावला आणि दुसऱ्या वेळी सुई पार गेली. अक्कांच्या गालावरून पाणी ओघळलं.

"दुखलं?"

"दुखलं," अक्का म्हणाल्या. "लई दुखलं."

डबीतल्या कुड्या त्यांनी काढल्या नाहीत. शबानाने आणलेली साधी काडी उजव्या कानात घातली. डाव्या कानाकडे ती वळली तेव्हा अक्कांनी तिचा हात खाली केला. "ह्यो राहू दे. दोन्ही कान एकदम दुखायला लागले तर माणसानं कुटल्या कुशीवर झोपायचं?"

पाळीच्या भोकाला एवढा विचार करावा लागत नाही, हे शबानालाही माहीत होतं. तिने सुई टाकून दिली आणि अक्कांच्या पायाशी बसून राहिली.

उजवा कान आता बरा झाला आहे. डाव्याचं विचारलं तर अक्का "बघू की" म्हणतात. सत्काराच्या दिवशी त्या व्यासपीठावर बसतील तेव्हा एक कान रिकामा दिसेल. तो तसाच असू द्यावा, फोटोसाठी कुणी आग्रह करू नये, अशी सर्वांना विनंती आहे. आणि मैंदर्गीच्या त्या मायलेकींना कुणी ओळखत असेल, तर त्यांना एवढं जरूर कळवावं की अक्कांच्या कानात आता काडी आहे.

अक्कांना उदंड आयुष्य लाभो. त्यांची नजर आणि हात यापुढेही असेच राहोत. आणि डाव्या कुशीवर वळल्यावर त्यांना शांत झोप लागो.